लेदर सीटला शोभेल अशी हँडल ग्रिप कशी निवडावी

सायकलला लेदरची सीट बसवली की लगेच नजर हँडलकडे जाते. तोवर कधी न खुपलेल्या काळ्या रबरी ग्रिप अचानक परक्या वाटू लागतात. मग शोध सुरू होतो आणि तो हमखास रंगापासून सुरू होतो: सीट मधाळ, म्हणजे ग्रिपही मधाळ हवी. गडबड होते ती इथेच. या निवडीत रंगाचा नंबर शेवटचा आहे. आधी हँडलची नळी, मग तळहात, मग साहित्य. आणि या तिन्ही चाळण्यांतून जे उरेल त्यात रंग बघायचा. क्रम उलटा केला की दिसायला देखणी पण हाताला नकोशी ग्रिप गळ्यात पडते.

शिवाय तंतोतंत रंग जुळवण्याचा हट्ट फार काळ टिकतही नाही. त्याचं कारण चामड्यात आहे, म्हणून आधी ते.

सीटचं चामडं वेगळं, ग्रिपचं वेगळं

अस्सल लेदर सीटच्या खाली फोम नसतो. साधारण साडेचार ते साडेपाच मिलिमीटर जाडीचा चामड्याचा एकच तुकडा पुढच्या टोकापासून मागच्या धातूच्या पट्टीपर्यंत ताणून रिव्हेटने पक्का केलेला असतो. बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली सुरू झालेल्या ब्रुक्सच्या सीट याच पद्धतीच्या. फ्रान्सच्या जिल बर्थूच्या किंवा अमेरिकेच्या सेले ॲनाटॉमिकाच्या सीटमध्ये सांगाडा आणि बांधणी वेगळी असली तरी ताणलेल्या चामड्यावर बसायचं हे तत्त्व तेच. अशा सीटसाठी चामडं बहुधा वनस्पतिजन्य टॅनिनने, म्हणजे झाडांपासून मिळणाऱ्या तुरट द्रव्याने कमावलेलं असतं. ते ऊन, मेण, घाम आणि घर्षण या सगळ्यांना प्रतिसाद देतं. मधाळ रंगाची नवी सीट काही वर्षांत तांबूस तपकिरी होते ती त्यामुळेच.

ग्रिपवरचं चामडं मात्र बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटर जाडीचं असतं, कारण त्याला नळीभोवती वळायचं असतं. काही ग्रिपचं चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पाणी बऱ्यापैकी सोसतं, पण त्याचा रंग फारसा गडद होत नाही. म्हणजे विकत घेताना सीट आणि ग्रिप अगदी सारख्या दिसल्या तरी दोघींचं म्हातारपण वेगवेगळं असू शकतं.

दोघींचे भोगही वेगळे. सीटचा वरचा भाग कापडाने घासून घासून चकाकतो, त्याला ऊन लागतं ते सायकल उभी असताना. ग्रिपवर हाताचा घाम, त्यातलं मीठ आणि तेल थेट मुरतं. त्यामुळे टॅनिनने कमावलेलं चामडं ग्रिपवर सीटपेक्षा लवकर काळवंडतं, तेही सगळीकडे सारखं नाही. तळहाताखाली जास्त, टोकांना कमी.

म्हणून जुळवायचं ते रंगाचं घराणं. मधाळ, टॅन आणि तांबूस तपकिरी हे एका घराण्यातले, चॉकलेटी आणि गडद तपकिरी दुसऱ्या, काळा स्वतंत्र. घराणं एक असलं की पुढे दोघींचे रंग कसेही बदलले तरी जोडी विजोड दिसत नाही.

पहिली पायरी: सीट खरंच लेदरची आहे का ते बघा

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सीटच्या खालून हात फिरवा. जाड चामड्याची कच्ची, तंतुमय बाजू हाताला लागली तर ती ताणलेली लेदर सीट. खाली प्लॅस्टिकचा साचा असेल तर वर पातळ लेदर किंवा कृत्रिम लेदर ओढून बसवलेलं आहे, मध्ये फोम आहे.

कृत्रिम लेदरची सीट असेल तर तुमचं काम सोपं. तिचा रंग फारसा बदलत नाही, त्यामुळे त्याच कंपनीची त्याच रंगातली कृत्रिम लेदरची ग्रिप घ्या. दोन्ही आज जशा दिसतात तशाच बराच काळ दिसतील. अशा सीटसोबत अस्सल लेदरची ग्रिप घेतली तर ग्रिप रंग बदलत जाईल आणि सीट तिथेच थांबेल. हळूहळू जोडी तुटते. ब्रुक्सची कॅम्बियम मालिका दिसायला लेदर सीटच्या जवळची असली तरी ती नैसर्गिक रबर आणि कापडाची आहे. तिच्याबरोबर मॅट रबरी ग्रिपच शोभते.

अस्सल लेदर असेल तर तीन गोष्टी टिपून ठेवा: सीटच्या बाजूच्या झडपेचा, म्हणजे मांडीकडे खाली उतरणाऱ्या भागाचा रंग (वरच्या चकाकलेल्या भागाचा नव्हे), पृष्ठभाग मॅट आहे की चकचकीत, आणि रिव्हेट व सांगाडा कोणत्या धातूचा दिसतो. तांब्याचे रिव्हेट, चकाकता क्रोम आणि काळा रंग दिलेलं पोलाद या तिघांची भाषा वेगळी आहे. ग्रिपच्या टोकाच्या रिंगा निवडताना ही नोंद कामाला येते.

दुसरी पायरी: नळी मोजा

सरळ आणि मागे वळलेल्या, म्हणजे शहरी थाटाच्या बहुतेक हँडलची नळी हाताच्या जागी २२.२ मिमी व्यासाची असते. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या ग्रिप याच मापाच्या. रेसिंग सायकलच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची नळी २३.८ मिमीच्या आसपास असते आणि तिच्या वळणांवर ग्रिप सरकवताही येत नाही. तिथे नळीभोवती गुंडाळायची टेपच लागते. जुन्या फ्रेंच सायकलींमध्ये मापं थोडी वेगळी निघतात, म्हणून जुनी सायकल असेल तर डोळ्यांवर विश्वास न ठेवता व्हर्नियर कॅलिपर लावा.

आता लांबी. ब्रेक लिव्हरच्या पट्ट्यापासून किंवा गिअर शिफ्टरपासून नळीच्या टोकापर्यंत अंतर मोजा. साध्या ग्रिप १३० मिमीच्या आसपास असतात. मूठ फिरवून गिअर बदलायचा प्रकार असेल तर फिरत्या मुठीने जागा खाल्लेली असते आणि ग्रिपला जेमतेम ९० ते १०० मिमी उरतात. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात गिअर असलेल्या सायकलींत अशी मूठ सहसा फक्त उजव्या बाजूला असते, म्हणून डावी ग्रिप लांब आणि उजवी आखूड अशी जोडी लागते. चांगल्या लेदर ग्रिपमध्ये अशी जोडी मिळते, पण ती तशी मागावी लागते. दोन्ही लांब घेऊन एक कापू असं मनात असेल तर आधी रचना बघा. शिवलेली लेदर ग्रिप कापली की शिवण उसवते.

नळीचा शेवटचा सरळ भाग किती आहे हेही बघा. लेदर चढवलेली कडक नळकांडी, कॉर्क आणि चामड्याच्या चकत्या रचून केलेल्या ग्रिप वळणावर चढत नाहीत. मागे वळलेल्या हँडलचा सरळ भाग १०० मिमीच असेल तर १३० मिमीची कडक ग्रिप अर्ध्यात अडकेल. मऊ रबर आणि टेप मात्र वळणाशी जमवून घेतात. हँडलच्या टोकात आरसा किंवा शिफ्टर बसवला असेल तर टोक उघडी असलेली ग्रिप लागेल.

तिसरी पायरी: हाताचं ऐका, पण आधी सीटचा कोन तपासा

या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हा. सीट आणि ग्रिप यांचं नातं रंगापेक्षा वजनाचं जास्त आहे. सीटवर न टेकलेलं वजन हातांवर येतं.

ताणलेली लेदर सीट वापरून मध्यभागी थोडी खोलगट होते. तिचं पुढचं टोक जरा जरी खाली झुकलेलं असलं तरी गुळगुळीत चामड्यावरून शरीर पुढे घसरत राहतं. ते घसरणं थांबवायला आपण नकळत हातांनी हँडल पुढे रेटत बसतो. मग तळहात दुखतात आणि दोष ग्रिपला जातो. म्हणून लेदर सीट वापरणारे बरेच जण पुढचं टोक समतल रेषेच्या किंचित वर ठेवतात. नवी ग्रिप घेण्याआधी हे करून बघा: पुढचं टोक अगदी थोडं वर करा, नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. हात हलके झाले तर ग्रिप निवडताना निम्मी काळजी मिटली. मांड्यांच्या आत किंवा पुढच्या नाजूक भागावर दाब येऊ लागला तर जास्त वर झालं, थोडं खाली आणा.

एवढं करूनही मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना येतात ते पाहा. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या टाचेजवळून जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब येतोय. अशा हाताला पंखासारखा बाहेर पसरलेला आधार असलेली ग्रिप बरी पडते, कारण दाब एका बिंदूवर न राहता पसरतो. जर्मन कंपनी एर्गॉनने या आकाराच्या ग्रिप लोकप्रिय केल्या आणि त्यात कॉर्कमिश्रित रबराचा प्रकारही आहे, जो तपकिरी सीटशी चांगला जमतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मीडियन नस. बहुतेकदा मनगट मागे मोडून धरल्याचा तो परिणाम असतो. तिथे ग्रिपपेक्षा ब्रेक लिव्हरचा कोन आणि हँडलची उंची बदलून जास्त फरक पडतो. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ग्रिप बदलत बसू नका.

जाडीकडेही लक्ष द्या. बहुतेक रबरी ग्रिप ३० मिमीच्या आगेमागे जाड असतात. उघड्या नळीवर दीड मिलिमीटरचं चामडं नुसतं गुंडाळून शिवलं तर मूठ भरते २५ मिमीच्या जेमतेम वर. छायाचित्रात हे सडपातळ रूप फार देखणं दिसतं, पण मोठ्या पंजाच्या माणसाला ती मूठ आवळून धरावी लागते आणि बोटं थकतात. ताठ बसून थोड्या अंतरावर जाणाऱ्याला ते चालून जाईल. पुढे वाकून लांब जाणार असाल तर खाली भराव हवाच.

चौथी पायरी: साहित्य ठरवा

इथे पर्याय भरपूर आहेत, पण सगळे सारख्या योग्यतेचे नाहीत.

शिवून बसवायचं लेदर हा सर्वांत देखणा आणि सर्वांत कष्टाचा. कडेला भोकं पाडलेला चामड्याचा तुकडा नळीभोवती ओढून आडव्या टाक्यांनी शिवतात. घेताना तुकड्याची रुंदी बघा. २२.२ मिमीच्या नळीचा घेर सुमारे ७० मिमी असतो. त्यावर दोन मिलिमीटर भराव घातला की घेर ८२ मिमीवर जातो. उघड्या नळीसाठी कापलेलं चामडं भरावावर मिटणारच नाही. हा हिशोब न केल्याने अनेकांचं चामडं वाया जातं.

क्लॅम्पवाली लेदर ग्रिप म्हणजे आतल्या कडक नळकांड्यावर आधीच शिवून आलेलं चामडं आणि टोकाला स्क्रूने आवळायची रिंग. ही बसवायला पाच मिनिटं लागतात, फिरत नाही, काढून पुन्हा लावता येते. पहिल्यांदाच लेदर ग्रिप घेणाऱ्याला मी हीच सुचवेन.

चकत्यांची ग्रिप हा थोडा विलक्षण प्रकार. चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक रचून दोन ॲल्युमिनियमच्या टोकांमध्ये आवळलेल्या असतात. ब्रुक्सने अशा ग्रिप केल्या आहेत. हाताला चामड्याची कापलेली कड लागते, त्यामुळे पकड छान, मूठही भरदार. सीटची वरची बाजू आणि चामड्याची कड यांचा रंग मात्र कधीच एक नसतो. इथे तंतोतंत रंगाचा आग्रह मुळातच निकालात निघतो.

कॉर्क हलका असतो, धक्के बऱ्यापैकी शोषतो आणि मधाळ सीटशेजारी फार शोभतो. तोटा असा की तो ठिसूळ असतो. सायकल भिंतीला टेकवताना टोकं झिजतात, तुकडे उडतात. गोंदाने चिकटवावा लागतो, त्यामुळे काढताना शाबूत निघेल याची खात्री नाही.

सुती टेप आणि चपडा (लाखेचे पापुद्रे) हा माझा आवडता मार्ग. त्याची कृती खाली सविस्तर दिली आहे.

गमच्या रंगाची रबरी ग्रिप, म्हणजे मूळच्या पिवळसर तपकिरी रबराची, लेदरप्रेमींच्या नजरेतून उगाच सुटते. पावसात भिजणाऱ्या, बाहेर उभ्या राहणाऱ्या सायकलला मधाळ सीटबरोबर हिच्याइतकी व्यवहारी जोडी नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीही त्याच रंगाच्या असतील तर मग बघायलाच नको.

लाकडी ग्रिप दिसते छान, पण कडक असते आणि घामाने निसरडी होते. शोभेच्या सायकलला ठीक.

पाचवी पायरी: आता रंग

सीट आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. धुळीने मधाळ रंग राखाडी दिसतो. मग दिवसाच्या उजेडात, सावलीत, ग्रिप सीटच्या बाजूच्या झडपेजवळ धरा. दुकानातल्या दिव्याखाली एकसारखे वाटलेले दोन रंग बाहेर पडताच वेगळे दिसू शकतात, कारण दोन रंगद्रव्यं वेगळ्या प्रकाशाला वेगळा प्रतिसाद देतात. स्क्रीनवरच्या चित्रावरून निवड करणं तर जुगारच. ऑनलाइन घ्यायचीच असेल तर परत करण्याची सोय असलेली घ्या आणि हँडलवर चढवण्याआधी सीटजवळ धरून बघा. त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या रंगातही दोन खेपांमध्ये फरक येतो. कातडं शेवटी कातडं आहे.

सीट नवी आणि मधाळ असेल तर मधाळ ग्रिप घ्या. ग्रिप आधी गडद होईल, सीट मागून येईल. सीट जुनी असेल आणि मूळचा मध आता तांबूस तपकिरी झाला असेल, तर डब्यावरचं जुनं नाव विसरा. तिच्या आजच्या रंगाची ग्रिप शोधा. नवी मधाळ ग्रिप तिच्याशेजारी कच्ची, पिवळट दिसते आणि बरेच महिने तशीच दिसत राहते.

काळ्या सीटचं प्रकरण सोपं वाटतं. पण काळ्यात फसवणूक चकाकीची असते. मॅट लेदरशेजारी चकचकीत कृत्रिम लेदर लगेच उघडं पडतं. त्यापेक्षा साधं मॅट काळं रबर बरं.

जुळत नसेल तर मुद्दाम वेगळा रंग घ्या. सीटपेक्षा एक छटा हलकी किंवा गडद ग्रिप चुकून घेतल्यासारखी दिसते. स्पष्टपणे वेगळी असली की ठरवून घेतलेली वाटते. मधाळ सीटला काळी ग्रिप, हँडलचा स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) आणि सीटची दांडीही काळी असेल तर, उत्तम दिसते. गडद तपकिरी सीटला नैसर्गिक कॉर्कही तसाच.

धातूची गोष्ट दोन वाक्यांत: चंदेरी हँडलला चंदेरी रिंगा, काळ्याला काळ्या. तांब्याच्या रिव्हेटची नक्कल करायला तांब्याच्या रंगाच्या रिंगा शोधत बसू नका, त्या वेगळ्या उठून दिसतात. दोऱ्याचा रंग सीटवरच्या शिवणीशी किंवा रिव्हेटशी जमेल तर घ्या. तपकिरी चामड्यावर पांढरा दोरा हौसेने घेतला तर तो लवकरच मळका होतो हे गृहीत धरा.

तपकिरी रंग सायकलवर दोन-तीन जागीच ठेवावा असं माझं मत. सीट, ग्रिप, फार तर हत्यारांची छोटी पिशवी. ब्रेकच्या केबलला चामड्याची वेष्टणं, चेनस्टेला (चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीला) चामडं, बाटलीच्या पिंजऱ्याला चामडं असं करत गेलं की सीटकडे कोणाचं लक्षच जात नाही.

रंग न दिलेलं, नैसर्गिक चामडं मिळालं तर लेदर डायने स्वतः रंगवता येतं. आतल्या बाजूला किंवा कापून टाकलेल्या तुकड्यावर आधी लावून बघा, पातळ हात द्या, पूर्ण वाळल्यावर मगच ठरवा. ओला रंग नेहमी गडद दिसतो. वाळल्यावर कोरड्या फडक्याने सुटा रंग निघेनासा होईपर्यंत घासा आणि वर मेणाचं किंवा लेदर फिनिशचं संरक्षण द्या. हे टाळलं तर पहिल्याच घामात हात रंगतात.

सहावी पायरी: बसवणे

जुनी रबरी ग्रिप काढताना तिच्या आणि नळीच्या मध्ये पातळ, बोथट काडी सरकवून थोडं स्पिरिट सोडा आणि पिळत ओढा. टाकूनच द्यायची असेल तर कटरने लांबीत चिरा, पण कार्बनच्या हँडलवर कटर अजिबात चालवू नका. नळी स्पिरिटने पुसून कोरडी करा. ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर हव्या त्या जागी आधी पक्के करा. ग्रिप चढल्यावर ते हलवणं कटकटीचं होतं.

क्लॅम्पवाली ग्रिप असेल तर ती टोकापर्यंत सरकवा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने आवळा. तो अनेकदा रिंगेवरच न्यूटन मीटरमध्ये छापलेला असतो. हँडल कार्बनचं असेल तर त्याच्या नळीवर क्लॅम्प चालतो का आणि किती टॉर्क सोसतो, हे हँडलच्या कंपनीचं सांगणं आधी.

शिवायच्या लेदरसाठी नळीवर दुहेरी चिकटपट्टी किंवा भराव लावा आणि चामडं आधी कोरडंच गुंडाळून बघा. शिवण तळहाताखाली येता कामा नये. ती पुढे आणि किंचित खाली, बोटांच्या बाजूला ठेवा. मेण लावलेला मजबूत दोरा, दोन्ही टोकांना बोथट सुया. लिव्हरच्या बाजूने सुरुवात करून दोन्ही सुया आलटून पालटून समोरच्या भोकातून काढत फुलीचे टाके घाला. प्रत्येक टाका ओढायचा, पण चार-पाच टाक्यांनी परत मागे जाऊन सैल झालेले पुन्हा ताणायचे. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि घाई केली की तीच नंतर दिसते. शेवटी दोरा दोन-तीन टाके उलट नेऊन चामड्याखाली लपवा.

कॉर्क आधी गोंदाशिवाय चढवून बघा. घट्ट जात असेल तर आतून गोल गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने थोडं थोडं घासा. हातोडी मारू नका. सहज पण चपखल सरकू लागला की गोंद लावून पिळत चढवा आणि पूर्ण वाळेपर्यंत सायकल चालवू नका.

सुती टेप आणि चपड्याची कृती अशी. सरळ किंवा मागे वळलेल्या हँडलवर टेपचं टोक नळीच्या आत दोनेक सेंटिमीटर खोचून प्लगने (टोकाच्या बुचाने) दाबा आणि लिव्हरच्या दिशेने, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल असं ताणून गुंडाळत जा. मूठ जाड हवी तर दुसरा थर द्या. लिव्हरजवळ टेप कापून बारीक सुतळीने घट्ट गुंडाळा, सुतळीचं टोक वेढ्यांखाली ओढून घ्या. आता चपडा: लाकडाच्या पॉलिशला वापरतात तोच, १०० मिलिलिटर स्पिरिटला साधारण २५ ग्रॅम पापुद्रे, रात्रभर विरघळू द्यायचे. खोली हवेशीर हवी आणि आसपास ज्योत नको. ब्रशने टेपवर पातळ हात द्या. पहिला हात सुती टेप पिऊन टाकते. वाळला की दुसरा. पांढऱ्या टेपवर पिवळसर तांबूस चपड्याचे हात चढत जातील तसा रंग गवती, मग मधाळ, मग टॅन होत जातो. पिवळी टेप त्याहून लवकर टॅनकडे जाते. सीट शेजारी ठेवून, रंग जमला की थांबा. स्वतः रंगवलेलं चामडं सोडलं तर हा एकच मार्ग असा आहे ज्यात सीटच्या आजच्या रंगाशी तुम्ही हाताने भेट घडवू शकता. स्वच्छ, विरंजित चपडा घेऊ नका, तो रंग देत नाही. हात चढतील तशी टेप कडक होते, म्हणून तीन-चार हातांनी रंग येत नसेल तर टेपच एक छटा गडद घ्या.

चपड्याच्या दोन खोडी लक्षात असू द्या. तो मद्यार्कात विरघळतो, त्यामुळे सॅनिटायझरने ओले हात ग्रिपवर ठेवले तर ते चिकटतात. आणि बराच वेळ पाण्यात राहिला तर पांढुरका पडतो. बहुतेकदा वाळल्यावर उतरतो, नाही उतरला तर वर एक हात द्या. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, ही त्याची मोठी सोय.

ड्रॉप हँडलला लेदरची टेप लावणार असाल तर खालच्या टोकापासून सुरुवात करा. मागून, नळीच्या टोकाकडे पाहताना उजवीकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि डावीकडे उलट. एक तृतीयांश वेढा एकमेकांवर पुरे, कारण लेदर टेप जाड असते. चांगल्या टेपच्या कडा तासून पातळ केलेल्या असतात. तशा नसतील तर प्रत्येक वेढ्याला उंचवटा राहील.

कोणताही प्रकार असो, नळीच्या टोकात प्लग बसवल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत घुसून गंभीर जखम करते. शेवटची चाचणी: पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि ग्रिप दोन्ही दिशांना पूर्ण ताकदीने पिळा. जरा जरी फिरली किंवा सरकली तरी पुन्हा बसवा.

नंतरची निगा

सीटसाठीचं मेण, ब्रुक्सचं प्रूफाइड असो वा दुसरं, ग्रिपवर तितक्या उदारपणे लावू नका. सीटला ते वरून पातळ आणि नवी असताना खालूनही लावतात. ग्रिपवर त्याचा जाड थर दिला तर मूठ निसरडी होते, हातमोजे तेलकट होतात. ग्रिपला मधूनमधून बोटाच्या टोकाएवढं मेण, चांगलं मुरवून आणि कोरड्या फडक्याने पुसून. नीट्सफूटसारखं चामडं मऊ करणारं तेल दोन्हीकडे टाळा. सीट त्याने सैल पडून झोळ येतो. प्रवासानंतर ग्रिप नुसती ओल्या फडक्याने पुसली तरी घामाचं मीठ निघतं आणि काळवंडणं बरंच लांबतं.

भिजल्यावर दोन्ही सावलीत, हवेशीर जागी वाळवा. हीटर, ड्रायर किंवा कडक ऊन लावलं तर चामडं आक्रसतं आणि भेगा पडतात. ओल्या सीटवर बसून लांब जाणं म्हणजे तिचा आकार कायमचा बिघडवणं. सीटचा ताण वाढवायचा नट फार क्वचित, तोही पाव फेऱ्याएवढाच फिरवा.

अनेक जण बाहेर उभ्या सायकलच्या फक्त सीटवर कव्हर घालतात. मग ग्रिप उन्हात रंग बदलत राहते आणि सीट सावलीत तशीच राहते. रंगाची जोडी टिकवायची असेल तर दोन्ही झाका किंवा दोन्ही उघड्या ठेवा. पावसात अर्थातच दोन्ही झाका.

नवी लेदर ग्रिप वापराने दबते. त्यामुळे चकत्यांच्या आणि क्लॅम्पच्या ग्रिप पहिल्या काही फेऱ्यांनंतर एकदा पुन्हा तपासा, सैल असतील तर ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. शिवलेल्या ग्रिपमध्ये टाके ढिले पडून चामडं फिरू लागलं तर त्याच भोकांतून नव्या दोऱ्याने शिवता येतं, चामडं बदलावं लागत नाही. म्हणून उरलेला दोरा, सुया आणि रंगाची बाटली सायकलच्या हत्यारांबरोबर ठेवा. सीट नीट सांभाळली तर तिच्या आयुष्यात ग्रिप दोन-तीनदा तरी शिवाव्या किंवा बदलाव्या लागतात, आणि त्या वेळी सीटचा रंग पुन्हा एकदा उजेडात बघूनच पुढची जोडी घ्या.